तैवानच्या प्रश्नावर अडीच तासांचा अभ्यासवर्ग कसा घ्यावा

सांगली, कराड, तासगाव, विटा, वाई, कुठल्याही अभ्यासिकेत चीन-तैवानचा विषय निघाला की पहिल्या दहा मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, तैवान चीनचाच, सगळं जग तसं मानतं. दुसरा म्हणतो, तिथलं सैन्य वेगळं, चलन वेगळं, निवडणुका वेगळ्या, मग तो वेगळा देश नाही तर काय? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं, पण दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात. वर्ग घेणाऱ्याचं मुख्य काम हे की हे प्रश्न एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. फळ्याच्या डाव्या कडेला तीन शब्द ठळक लिहा: ओळख, ताबा, मान्यता. लोक स्वतःला कोण समजतात, तिथं कारभार कोणाचा चालतो आणि बाहेरचे देश कोणाला मानतात. वर्ग संपेपर्यंत हे शब्द पुसू नका. कोणी काही ठासून बोललं की ‘हे तिघांपैकी कशाबद्दल?’ एवढंच विचारा. एकीकरण व्हावं की नाही हा चौथा प्रश्न. तो अगदी शेवटी घ्या, नाहीतर बाकीचे तीन बाजूलाच पडतात.

ताबा आणि मान्यता यांतला फरक आपल्या भागात समजावायला पत्री सरकार पुरेसं आहे. १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली गावोगावी न्यायदान मंडळं निवाडे करत होती, तूफान सेना बंदोबस्त पाहत होती. कागदोपत्री राज्य इंग्रजांचं होतं आणि जगात कोणी प्रतिसरकारला मान्यता दिली नव्हती, तरी गावातला तंटा त्यांच्यापुढं मिटत होता. एवढं सांगा आणि लगेच मर्यादाही सांगा: इथं इंग्रजांची कोर्टं आणि पोलीस शेजारीच उभे होते. तैवानमध्ये १९४९ पासून बीजिंगचा एकही अधिकारी कारभार करत नाही.

साहित्य आणि वेळ

माणसं पंधरा ते चोवीस. त्याहून जास्त झाली की गटचर्चेत मागच्या रांगा गप्प बसतात. चार फूट उंचीचा फळा, तीन रंगांचे खडू, चौदा मीटर सुतळी, कपड्यांचे चिमटे, पोस्टकार्डाएवढे पंधरा पुठ्ठे, पाच दस्तऐवजांतल्या निवडक ओळींच्या मराठी प्रती आणि मतासाठी कोऱ्या चिठ्ठ्या. प्रोजेक्टरवर विसंबू नका. वीज जायची भीती आहेच, शिवाय पडद्यावरचं चित्र बदललं की आधीचं डोळ्यांसमोरून जातं. सुतळी आणि फळा शेवटपर्यंत समोर राहतात.

वेळेची वाटणी अशी: नकाशा २० मिनिटं, सुतळी ३०, दस्तऐवज ३०, चहा १०, गट ३५, चिठ्ठ्या आणि चर्चा २५. दस्तऐवजांचा वेळ हमखास वाढतो. तो वाढू लागला तर एक दस्तऐवज कमी करा, गटांचा वेळ कापू नका.

नकाशा हातानं काढा

इंटरनेटवरून उतरवलेला नकाशा लावू नका. बीजिंगनं ऑगस्ट २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात अरुणाचल प्रदेश आणि अक्साई चीन त्यांच्या हद्दीत दाखवले आहेत, आणि समुद्रातल्या तुटक रेषांपैकी दहावी तैवानच्या पूर्वेला आहे. असा नकाशा भिंतीवर लागला की वर्ग भारताच्या सीमेवर जातो आणि परत येत नाही. परदेशी नकाशांतही काश्मीर बहुधा भलतंच असतं. फळ्यावर फक्त २१.५ ते २६.५ अक्षांश आणि ११७ ते १२३ रेखांश एवढाच तुकडा काढलात तर भारताची सीमा येतच नाही.

प्रमाण ठेवा १ सेंमीला ५ किमी. तैवान बेट सुमारे ३९५ किमी लांब आणि जास्तीत जास्त १४५ किमी रुंद, म्हणजे फळ्यावर ७९ सेंमी बाय २९ सेंमी, वरचं टोक किंचित उजवीकडं झुकलेलं. कर्कवृत्त बेटाच्या मध्याच्या थोडं खालून जातं. डावीकडं फुजियान प्रांताचा किनारा तसाच तिरका. सामुद्रधुनी सगळ्यांत अरुंद आहे तिथं १३० किमी, म्हणजे २६ सेंमी. साताऱ्याहून सांगली सरळ रेषेत जितकी लांब, त्याहून थोडंच जास्त. क्षेत्रफळ साधारण ३६,००० चौरस किमी. सातारा, सांगली आणि पुणे हे तीन जिल्हे एकत्र केले तरी थोडे कमीच पडतात. लोकसंख्या सुमारे २ कोटी ३० लाख.

आता किनमेन काढा. हे बेट तैवानपासून सुमारे १९० किमी लांब, म्हणजे ३८ सेंमीवर, आणि चीनच्या शियामेन शहरापासून मात्र जेमतेम २ सेंमीवर. इतकं चिकटून असूनही ते तैपेईच्या, म्हणजे तैवानच्या राजधानीतल्या सरकारच्या, ताब्यात आहे, कारण ऑक्टोबर १९४९ मध्ये तिथं उतरलेलं कम्युनिस्ट सैन्य हरलं. किनमेन वेगळ्या खडूनं रंगवा. हे बेट आणि उत्तरेकडचं मात्सू जपानकडं कधी दिलंच गेलं नव्हतं. जुन्या कागदांत ते फुजियान प्रांताचे भाग आहेत. त्यामुळे ‘तैवान’ म्हणून जे काही बोललं जातं, त्यातलं बरंच किनमेनला लागू होत नाही. २३ ऑगस्ट १९५८ पासून ४४ दिवसांत या बेटावर सुमारे ४ लाख ७० हजार तोफगोळे पडले. पुढं १ जानेवारी १९७९ पर्यंत एक दिवसाआड मारा चालू होता, बहुतेक प्रचारपत्रकं भरलेल्या गोळ्यांचा. त्या गोळ्यांच्या पोलादाचे सुरे किनमेनमध्ये आजही घडवतात आणि ते विकत घ्यायला चीनमधले पर्यटकही येत आले आहेत. हे जरूर सांगा. फाळणी झालेल्या माणसांचं रोजचं जगणं एवढ्या थोडक्यात दुसऱ्या कशानं कळत नाही.

सुतळी

वर्गातला सर्वांत उपयोगी भाग हाच. एका वर्षाला ४ सेंमी धरा. १८९५ पासून २०२५ पर्यंत १३० वर्षं, म्हणजे ५ मीटर २० सेंमी. भिंतीला सुतळी ताणा आणि माणसांनाच पट्टीनं मोजून पुठ्ठे लावायला सांगा.

पहिला पुठ्ठा १८९५, शिमोनोसेकीचा तह: युद्धात हरलेल्या चिंग राजवटीनं तैवान आणि पेंगहू बेटं जपानला दिली. मग १९१२, मुख्य भूमीवर रिपब्लिक ऑफ चायनाची स्थापना. तैवान तेव्हा जपानकडं. १९४५, जपानची शरणागती आणि २५ ऑक्टोबरला तैपेईत रिपब्लिक ऑफ चायनाकडं सूत्रं. १९४७ चा २८ फेब्रुवारी. १९४९, १ ऑक्टोबरला बीजिंगमध्ये कम्युनिस्ट नेते माओंची नव्या प्रजासत्ताकाची घोषणा आणि गृहयुद्धात हरलेलं च्यांग कै-शेक यांचं रिपब्लिक ऑफ चायनाचं सरकार डिसेंबरात तैपेईला. त्यापुढं १९५१, १९७१, १९७९ (अमेरिकेची बीजिंगला मान्यता), १९८७, १९९२, १९९६, २००० (तैवानमध्ये पहिलं सत्तांतर), २००५, २०१५ आणि २०२४; बाकीच्यांचा अर्थ पुढं येतो. असे पंधरा.

आता १९४५ आणि १९४९ मधलं अंतर मोजायला लावा. जेमतेम १७ सेंमी. गेल्या १३० वर्षांत तैवान आणि मुख्य भूमी एका सरकारखाली होते तो काळ एवढाच. वर्ग इथं हमखास शांत होतो. पण इथंच थांबलात तर तुम्ही एका बाजूची वकिली केलीत असं होईल. चिंग राजवटीनं तैवान १६८३ मध्ये घेतलं आणि १८९५ पर्यंत ठेवलं. त्या २१२ वर्षांची सुतळी साडेआठ मीटर होते. तेवढं वेटोळं डाव्या टोकाला बांधून लोंबतं ठेवा. इतिहास कुठून मोजायला लागायचं यावरच अर्धा वाद अवलंबून आहे आणि ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे. वेटोळ्याच्याही मागं डच आहेत, आणि त्यांच्या कितीतरी आधीपासूनचे मूळनिवासी, ज्यांचे आज १६ समाज सरकारमान्य आहेत आणि ज्यांच्या भाषांचा चिनीशी संबंध नाही.

२८ फेब्रुवारी १९४७ वर पाच मिनिटं द्या. आदल्या संध्याकाळी तैपेईत चोरट्या सिगारेटी विकणाऱ्या एका बाईला तपासनिसांनी मारहाण केली, जमाव जमला, गोळी सुटली, एक माणूस गेला. दुसऱ्या दिवसापासून बेटभर उठाव झाला आणि मार्चमध्ये मुख्य भूमीवरून आलेल्या सैन्यानं तो चिरडला. सरकारनंच करवलेल्या अभ्यासाचा १९९२ मधला अंदाज १८ ते २८ हजार मृत्यूंचा आहे. मारणारे आणि मरणारे दोघेही बहुतांशी हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, वंशाचेच. ‘वंश एक, मग देश एक’ असं म्हणणाऱ्याला याहून स्पष्ट उत्तर नाही. हवं तर सिंगापूर जोडा: तिथले तीन चतुर्थांश लोक चिनी वंशाचे आहेत आणि १९६५ पासून तो स्वतंत्र देश आहे.

२० मे १९४९ ते १५ जुलै १९८७, अडतीस वर्षं तैवानमध्ये लष्करी कायदा होता. सुतळीवर दीड मीटर. या काळात शाळेत आपली बोली बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत होत्या, आणि १९४९ च्या सुमारास च्यांग यांच्याबरोबर आलेल्या दहा ते वीस लाख माणसांना मागं राहिलेल्या आईबापांना पत्रसुद्धा धड पाठवता येत नव्हतं. नोव्हेंबर १९८७ मध्ये नातेवाइकांना भेटायला जायची परवानगी मिळाली तेव्हा तरुणपणी आलेले सैनिक म्हातारे झाले होते. एकीकरणाची ओढ ही फक्त बीजिंगची घोषणा नाही, त्या पिढीसाठी ती घरची गोष्ट होती. हे सांगितलं नाही तर विषय अपुरा राहतो.

पाच दस्तऐवज, प्रत्येकी सहा मिनिटं

पूर्ण मजकूर वाटू नका, कोणी वाचत नाही. लागणाऱ्या तीन-चार ओळी मराठीत टंकून द्या आणि खाली दोन प्रश्न: यात काय म्हटलंय? यात काय म्हटलेलं नाही?

१९४३ च्या कैरो जाहीरनाम्यात जपाननं चीनकडून घेतलेले मांचुरिया, तैवान आणि पेंगहू रिपब्लिक ऑफ चायनाला परत दिले जातील असं म्हटलं आहे. बीजिंगचा आधार हा. मात्र १९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपाननं तैवानवरचा हक्क सोडला, तो कोणाला दिला हे लिहिलंच नाही, आणि त्या परिषदेला दोन्हींपैकी एकाही चिनी सरकारला बोलावलं नव्हतं. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचायला द्या.

तिसरा, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा २५ ऑक्टोबर १९७१ चा ठराव २७५८. बाजूनं ७६, विरोधात ३५, तटस्थ १७. चीनचे एकमेव कायदेशीर प्रतिनिधी म्हणून बीजिंगला जागा मिळाली आणि च्यांग यांचे प्रतिनिधी बाहेर गेले. भारतानं बाजूनं मत दिलं होतं. ठरावात तैवान हा शब्द नाही. चीनच्या खुर्चीवर कोण बसणार एवढंच त्यानं ठरवलं असं तैपेई म्हणतं. तैवानचा प्रश्न त्यातच मिटला असं बीजिंग म्हणतं. जर्मनीचे दोन्ही भाग १९७३ मध्ये आणि दोन्ही कोरिया १९९१ मध्ये सभासद झाले, मग इथं का नाही, हा प्रश्न नक्की येतो. चीन एकच आणि तो आम्हीच, यावर दोन्ही चिनी सरकारं दीर्घकाळ अडून बसली होती, हे त्याचं मोठं कारण.

चौथा कागद बहुतेकांना धक्का देतो. तैवानमध्ये आजही १९४७ ची रिपब्लिक ऑफ चायनाची राज्यघटना चालते. तिला १९९१ पासून जोडलेल्या कलमांची प्रस्तावनाच ‘राष्ट्राच्या एकीकरणापूर्वीच्या’ गरजांसाठी ती आहेत असं सांगते. तैवाननं स्वातंत्र्य जाहीर केलंय असं कोणी म्हणत असेल तर त्यालाच हा कागद मोठ्यानं वाचायला सांगा.

पाचवा, बीजिंगचा १४ मार्च २००५ चा विभाजनविरोधी कायदा. आठव्या कलमात बळाच्या वापराच्या तीन अटी आहेत: तैवान कोणत्याही नावानं वेगळं झालं तर, वेगळं होण्याकडं नेणाऱ्या मोठ्या घटना घडल्या तर, किंवा शांततेच्या मार्गानं एकीकरणाची शक्यता पूर्ण संपली तर. तिसरी अट नीट वाचायला लावा. शक्यता संपली हे ठरवणार बीजिंगच.

चार गट

चहानंतर चार गट करा आणि चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटा. आवडीची भूमिका निवडू दिली तर बीजिंगच्या गटात कोणी जात नाही आणि मग ती बाजू टिंगल म्हणून मांडली जाते. प्रत्येक गटाला दहा मिनिटं तयारी, पाच मिनिटं मांडणी. बाकीची पाच मिनिटं चुकीच्या तपशिलांसाठी, मतांसाठी नाही.

बीजिंगच्या गटाला हे द्या: १८४२ पासून परकीयांनी तोडलेले लचके, हाँगकाँग १ जुलै १९९७ ला आणि मकाव २० डिसेंबर १९९९ ला परत आलं, राहिलं ते तैवान, गृहयुद्ध कागदावर संपलेलं नाही, ‘एक देश, दोन व्यवस्था’ ही देऊ केलेली तडजोड. कुओमिंतांगच्या, म्हणजे च्यांग यांच्या पक्षाच्या, गटाला: १९१२ चं प्रजासत्ताक अजून जिवंत आहे, १९९२ च्या हाँगकाँग बोलण्यांनंतर ‘चीन एक, अर्थ आपापला’ या सूत्रावर व्यवहार चालले, २०१० चा व्यापार करार, ७ नोव्हेंबर २०१५ ची सिंगापूरमधली शी जिनपिंग आणि मा यिंग-ज्यू यांची भेट. डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या गटाला: १९९६ पासून राष्ट्राध्यक्ष लोक निवडतात, दोन्ही सरकारं एकमेकांच्या अधीन नाहीत, देश सार्वभौम आहेच, वेगळ्या घोषणेची गरज नाही, आणि ३० जून २०२० ला हाँगकाँगवर आलेला सुरक्षा कायदा, ज्यानं ‘दोन व्यवस्था’ या शब्दांवरचा तैवानचा उरलासुरला विश्वासही घालवला. चौथा गट किनमेनचा. त्यांच्यासाठी २००१ मध्ये शियामेनची बोट सुरू झाली. भावकी पलीकडं, मतदान अलीकडं.

काय बिघडतं

बेळगाव. हे निघणारच. मराठी माणूस सीमेनं तोडला गेल्याची सल आपल्याकडं खरी आहे, ती दाबू नका. पाच मिनिटं द्या आणि फरक फळ्यावर लिहा: तिथं दोन्ही बाजूंचे लोक एकाच देशाचे नागरिक आहेत, राज्याची सीमा घटनेच्या तिसऱ्या कलमानुसार संसद बदलू शकते, महाराष्ट्राचा २००४ चा दावा सर्वोच्च न्यायालयापुढं आहे. तैवानच्या बाबतीत दोघांच्या वर बसलेली, दोघांनी मानलेली अशी संस्थाच नाही. हा फरक एकदा पटला की सार्वभौमत्व म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही.

दुसरा बिघाड गलवानचा. चीनवरचा राग समजण्यासारखा आहे, पण त्या रागातून तैवानची बाजू घेतली की तिथल्या माणसांचं काय म्हणणं आहे हे कोणी विचारतच नाही. सगळा वेळ अमेरिका काय करणार यावर गेला तरी तेच होतं. अशा वेळी फळ्यावरच्या ‘ओळख’ या शब्दावर बोट ठेवा.

भारताची भूमिका स्पर्धा परीक्षावाले विचारतात म्हणून थोडक्यात: ३० डिसेंबर १९४९ ला बीजिंगला मान्यता, १९९५ पासून तैपेईत इंडिया-तैपेई असोसिएशन आणि दिल्लीत तैवानचं कार्यालय, २०१० नंतर संयुक्त निवेदनांत ‘एक चीन’चा पुनरुच्चार नाही, २०२४ मध्ये तैवानचं कार्यालय मुंबईतही सुरू.

चिठ्ठ्या

शेवटी दोनदा मत घ्या. पहिल्या चिठ्ठीवर फक्त दोन पर्याय: एकीकरण की स्वातंत्र्य. दुसऱ्या चिठ्ठीवर सहा: लगेच एकीकरण, लगेच स्वातंत्र्य, आता जैसे थे पण पुढं एकीकरण, जैसे थे पण पुढं स्वातंत्र्य, जैसे थे आणि निर्णय नंतर, कायम जैसे थे. स्वतःला तैवानी नागरिक समजून मत द्यायचं. दुसऱ्या फेरीत पहिल्या फेरीतली खात्री विरघळते. मग तैपेईच्या राष्ट्रीय चेंगची विद्यापीठाच्या पाहण्या सांगा, ज्यांत हेच सहा पर्याय असतात: ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक जैसे थेचा कुठला ना कुठला प्रकार निवडतात. ओळखीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र पालटलं आहे. १९९२ मध्ये स्वतःला फक्त चिनी म्हणणारे चौथा हिस्सा होते, अलीकडं ते शंभरात दोन-तीन उरलेत. फक्त तैवानी म्हणणारे तेव्हा सहांत एक होते, आता दहांत सहा. तैवानी आणि चिनी दोन्ही म्हणणारे अजून दहांत तीन आहेत. त्यांना विसरू नका. ओळख बदलली म्हणून त्याच वेगानं स्वातंत्र्याची मागणी वाढली असं झालेलं नाही, कारण समोर आठवं कलम आहे. जानेवारी २०२४ मध्ये डेमोक्रॅटिक प्रोग्रेसिव्ह पक्षाचे लाई चिंग-ते ४० टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले, पण ११३ जागांच्या संसदेत त्यांच्या पक्षाला ५१ आणि कुओमिंतांगला ५२ जागा मिळाल्या. तिथला मतदारही एका प्रश्नावर मत देत नाही.

आमचं मत विचाराल तर, त्या २ कोटी ३० लाख लोकांच्या मुक्त संमतीशिवाय झालेलं एकीकरण हे एकीकरण नव्हे. वर्ग घेणाऱ्यानं हे मत असलं तरी चिठ्ठ्या मोजून झाल्याशिवाय सांगू नये.

पुन्हा वर्ग घेताना आदल्या दिवशी तीन गोष्टी ताज्या करा: तैपेईला मान्यता देणारे देश (नाऊरूनं जानेवारी २०२४ मध्ये बाजू बदलल्यावर व्हॅटिकन धरून १२ उरले), चेंगची विद्यापीठाचे नवे आकडे आणि तैपेईतल्या संसदेचं बलाबल. पुठ्ठ्यांवर हे आकडे पेन्सिलनं लिहा, शाईनं नको. सुतळी गुंडाळताना चिमटे तसेच लावून ठेवले तर पुढच्या वेळी मोजायचे कष्ट वाचतात, पण ते वाचवू नका. माणसांनी स्वतः पट्टी लावली तरच ते १७ सेंमी लक्षात राहतात.